दाराएवढं अंतर

गाडीचं दार तिनं रोजच्यासारखंच उघडलं. मागे न बघता, एका हातानं डबा सावरत, दुसऱ्या हातानं ढकलून. आणि धाडकन असा काही आवाज झाला की तिला वाटलं, दारच निखळलं.

दार जागच्या जागी होतं. पण दारापलीकडच्या हवेतून एक माणूस गेला. अगदी खरंच गेला... सायकल इथेच राहिली आणि तो पुढे.

ती तशीच बसून राहिली. एक पाय गाडीत, एक रस्त्यावर. डबा कधी पडला, त्याचं झाकण घरंगळत कुठवर गेलं, कशाचाच पत्ता नाही.

रस्त्यावरचा माणूस उठून बसला. हेल्मेट एका कानावर आलेलं. त्यानं आधी आपले गुडघे पाहिले, मग सायकल, मग तिला.

"दाराला फार लागलं नाही ना?" त्यानं विचारलं.

बोलताना त्याच्या ओठातून रक्त आलं, आणि समोरचा दात अर्धाच दिसला. तेवढं दिसलं मात्र, ती टुणकन उतरली, रस्त्यावर गुडघे टेकून बसली आणि दोन्ही हातांनी चाचपू लागली.

"काय शोधताय?"

"तुमचा दात. वरचा, मधला, उजवा. तिरका तुटलाय. तुकडा मिळाला तर..."

"डॉक्टर आहात?"

"नाही. मी दात बनवते."

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग हसला, आणि हसता हसता कळवळून खांदा धरला. "म्हणजे आधी पाडायचे आणि मग बनवून द्यायचे? धंदा चांगला चालत असेल!"

तिनं हसायला हवं होतं. पण तिला रडू कोसळलं. भर रस्त्यात, अनोळखी माणसासमोर, हुंदके देऊन देऊन. बिचारा तोच तिची समजूत काढत बसला. "अहो, मी आहे ना जिवंत... बघा, बोलतोय मी..."

त्याला काय माहीत तिला कशाचं रडू येत होतं.

तिचे बाबा छापखान्यात मुद्रितं तपासायचे आणि सुट्टीच्या दिवशी सायकलवरून लांब लांब जायचे. ती दहावीत असताना एका सकाळी घाटातल्या वळणावर एका ट्रकनं त्यांना घासलं. बाबा गेले. त्यानंतर तिनं घरात सायकल हा शब्दच बंद करून टाकला. टीव्हीवर शर्यत लागली की ही उठून चॅनेल बदलायची. आई निमूट बघत राहायची. आणि आज तिनं — तिनंच! — सायकलवरच्या माणसाला हवेत भिरकावलं होतं.

तिनंच त्याला गाडीत घातलं, इस्पितळात नेलं. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. प्लेट बसवावी लागली. हा सगळा हंगाम सायकलीचं नाव काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. बाहेरच्या बाकावर बसून तिनं ते ऐकलं.

*

दात बनवून घ्यायला तो आला तेव्हा हात गळ्यात बांधलेला होता. ती दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत काम करायची. एका टेबलावर मेण, एका टेबलावर भट्टी, फळीवर पांढऱ्या साच्यांची रांग. खुर्ची तिनं खिडकीशी ओढली, कारण दाताचा रंग दिव्याखाली कळत नाही, दिवसाचाच उजेड लागतो.

"तोंड उघडा."

"दार नाही ना उघडणार तुम्ही?"

"बोलू नका. ओठ हलले की रंग नीट दिसत नाही."

तिनं नमुन्याच्या दातांची पट्टी त्याच्या ओठांशी धरली. एक नमुना, दुसरा, तिसरा. अशा कितीतरी तोंडांत तिनं आजवर वाकून पाहिलं होतं. समोरचा माणूस बहुतेक वेळा छताकडे बघतो. हा तिच्याकडे बघत होता. सरळ. त्याच्या डोळ्यांत खिडकी दिसत होती आणि खिडकीत ती...

"पिवळसर झाक आहे," ती घाईघाईनं म्हणाली. "चहा फार पिता."

"शाळेत भूगोल शिकवतो. चहाशिवाय भागत नाही. मुलांना नद्या पाठ करायला लावायच्या म्हणजे..."

"बोलू नका म्हटलं ना!"

तो गप्प बसला. पण डोळे बोलायचे थांबेनात.

"त्या दिवशी आमच्या गल्लीत कुठे निघाला होतात?" तिनं पट्टी पुसत विचारलं. "ही तर बंद गल्ली आहे. पुढे रस्ताच नाही."

तो क्षणभर घुटमळला. "रस्ता चुकलो होतो."

"भूगोलाचे मास्तर असून?"

"नकाशा भिंतीवर असला की सगळं कळतं हो. तोच रस्त्यावर अंथरलेला असला की..." आणि तो असा काही ओशाळला की ती हसली. अपघातानंतर पहिल्यांदा.

तेवढ्यात त्याचं लक्ष टेबलावरच्या साच्याकडे गेलं. नखाएवढी गुलाबी पट्टी त्यावर बसवलेली होती. "हे एवढंसं काय?"

"बाळाच्या टाळूसाठी. काही बाळं टाळू फाटलेली जन्मतात. दूध नाकावाटे येतं, पोटात जातच नाही. ही पट्टी बसवली की ऑपरेशनपर्यंत बाळ दूध ओढू शकतं."

तो एकदम स्तब्ध झाला. "तुम्ही... या बनवता?"

"हो. का?"

"आम्ही याच बाळांसाठी सायकल चालवणार आहोत."

आता स्तब्ध व्हायची पाळी तिची होती. त्यानं सांगितलं ते असं. मोठ्या इस्पितळात या बाळांसाठी वेगळा वॉर्ड उभारायचा होता. त्यासाठी एक शर्यत ठरली होती, गावापासून घाट चढून, उतरून थेट समुद्रापर्यंत. तिघातिघांच्या टीम. तिघंही शेवटपर्यंत पोचले तरच त्या टीमच्या नावानं लोकांनी कबूल केलेली देणगी वॉर्डाला मिळणार. एक जरी मध्ये थांबला तर काही नाही. त्याच्या टीममध्ये एक बेकरीवाले काका होते, एक कप्तान बाई होत्या आणि तिसरा तो.

"आणि तिसरा मी मोडला," ती म्हणाली.

"बनवताय ना परत." मग तो गंभीर झाला. "कप्तान मात्र फार तापल्यात. एकदा येऊन समोरासमोर बोललात तर बरं होईल. रविवारी सकाळी, तळ्यावर."

"येईन," ती म्हणाली. माफी मागायची तर चोरासारखं कशाला लपायचं!

*

रविवारी ती तळ्यावर पोचली तेव्हा पाण्यावरून धुकं नुकतं उठत होतं. मास्तर बाकावर बसला होता, गळ्यात हात, हातात थर्मास. बेकरीवाले काका — गोल चेहऱ्याचे, गोल पोटाचे — सायकलीत हवा भरत होते. तिनं ओळखलं त्यांना. कोपऱ्यावरच्या बेकरीतलेच ते. आई शिवणाच्या क्लासहून परतताना रोज यांच्याकडूनच गरम पाव आणायची.

"कप्तान एक चक्कर मारून येतायत," मास्तर म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता. थर्मासचं झाकण उघडत होता, लावत होता, उघडत होता.

तळ्याच्या वळणावरून एक सायकल आली. वाऱ्यासारखी. वाकलेली पाठ, घट्ट काळी पँट, डोळ्यांवर पिवळा गॉगल, डोक्यावर लाल हेल्मेट. करकचून ब्रेक लागला. बाईंनी गॉगल वर केला.

ती आई होती.

तिची आई! पोस्टातून निवृत्त झालेली, गुडघे दुखतात म्हणून वरच्या फळीवरचा डबासुद्धा लेकीला काढायला लावणारी आई!

"तू?" ती म्हणाली.

"तू?" आई म्हणाली.

बेकरीवाल्या काकांच्या हातातला पंप हवेतच थांबला. तळ्यावरचं एक बदक तेवढं ओरडून गेलं.

"शिवणाचा क्लास..." तिचा आवाज चिरका झाला. "इतके दिवस शिवणाचा क्लास! आणि घरातल्या पडद्याला एक टाका नाही घातलास, तेव्हाच मला कळायला हवं होतं!"

"अगं, मी सांगणारच होते..."

"कधी? हातपाय मोडल्यावर?"

"हातपाय माझे नाही मोडले," आई शांतपणे म्हणाली. तिचाही चेहरा पांढरा पडला होता, पण पोस्टाच्या खिडकीमागे आयुष्य काढलेली बाई ती, पटकन सावरली. "मोडला तो माझा माणूस. आणि मोडणारी गाडीवाली म्हणजे तू? कोणी सांगितलं नाही मला." तिनं मास्तरकडे असं पाहिलं की त्यानं थर्मास बाकाखाली ठेवला. "ठीक आहे. आता आलीच आहेस तर ऐक. माझी टीम तिघांची आहे. एक जागा तू रिकामी केलीस. तूच भरायची."

तिला वाटलं, ऐकण्यात काहीतरी चूक झाली. तिनं काकांकडे पाहिलं, मास्तरकडे पाहिलं. कोणी हसत नव्हतं.

"आई, मी बाबांनंतर सायकलला हातसुद्धा..."

"माहीत आहे मला. त्याआधी बाबांच्या पुढे टेकडी चढायचीस, तेही माहीत आहे."

ती गाडीत जाऊन बसली. दार लावलं. किल्ली लागेना.

घरी दिवसभर अबोला. संध्याकाळी आई तिच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. "मी चिडून नाही म्हटलं ते," आई म्हणाली. "तुझे बाबा रस्त्यावर गेले म्हणून तू रस्ताच सोडलास. आणि मलाही सोडायला लावलास. प्रेमापोटीच, कळतं ना मला. पण बाई गं, माझा जीव घुसमटत होता. सायकलवर बसले की ते जवळपास आहेत असं वाटतं मला. घरात नाही वाटत. घरात नुसता फोटो आहे."

ती उशीत तोंड खुपसून ऐकत होती. आपण आईला जपतोय असं ती इतकी वर्षं समजत होती. आई मात्र, आता कळलं, काकांच्या बेकरीच्या गोदामात सायकल लपवून चोरून श्वास घेत होती... हा धक्का तळ्यावरच्या धक्क्याहून मोठा होता.

सकाळी तिनं स्वयंपाकघरात जाऊन एवढंच विचारलं, "हेल्मेट कुठलं घ्यायचं?"

*

शिकवायला मास्तर. दुसरा कोण मोकळा होता? शाळा सुटली की मैदानात तो एका हातानं सायकलची सीट धरून तिच्यामागे पळायचा आणि धापा टाकत सूचना द्यायचा. तोल तिला लगेच सापडला. पायांना सगळं आठवत होतं. आठवड्याभरात ती रस्त्यावर आली, आणि तिथेच गाडं अडलं. कडेला उभी गाडी दिसली की तिचे दोन्ही ब्रेक आपोआप लागायचे. एक गाडी, एक ब्रेक. दहा गाड्या, दहा ब्रेक. मागून येणारे शिव्या घालायचे.

"दार उघडेल असं वाटतं," ती एकदा रडवेली होऊन म्हणाली. "प्रत्येक दारामागे मी बसलेली दिसते मला."

मास्तरनं विचार केला. मग म्हणाला, "गाडीची किल्ली द्या."

तिची गाडी त्यानं काकांकरवी शाळेच्या मैदानात उभी करवली आणि स्वतः आत जाऊन बसला. "आता शेजारून जा. मी दार उघडणार. कधी, ते सांगणार नाही."

"वेडबिड लागलंय का?"

"लागायला लागलंय थोडं," तो म्हणाला आणि खिडकीची काच वर केली.

पहिल्या फेरीत दार उघडलं आणि ती किंचाळून मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला गेली. दुसऱ्या फेरीत उघडलंच नाही, तरी किंचाळली. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी तेच. दार उघडायचं, मिटायचं. ती गाडीपासून दाराएवढं अंतर राखायला शिकली, गाडीच्या आरशात माणसाचं डोकं शोधायला शिकली, दार उघडलं तरी हँडल सरळ ठेवायला शिकली. आणि हळूहळू भलतंच व्हायला लागलं. आरशात ती डोकं शोधायची तेव्हा तिथे त्याचे डोळे असायचे. वाट बघत.

एका संध्याकाळी दार उघडलं आणि ती डगमगलीसुद्धा नाही. शांतपणे पुढे गेली, वळली, परत येऊन त्याच्यासमोर थांबली.

"उघडा की अजून," ती म्हणाली. "घाबरत नाही मी."

"आता मला भीती वाटायला लागलीय," तो गाडीतूनच म्हणाला.

"कशाची?"

"शिकवणी संपली म्हणून."

घामानं तिचे केस कपाळाला चिकटले होते, श्वास अजून लागत होता. त्यानं बाटली पुढे केली. घेताना बोटांना बोटं लागली... आणि दोघांपैकी कुणालाच ती पटकन काढून घ्यायची आठवण राहिली नाही.

"नवा दात झिणझिणतोय का हो थंड पाण्यानं?" तिनं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"तुम्ही समोर असलात की सगळंच झिणझिणतं."

"अय्या!" तिच्या तोंडून निघून गेलं. आणि ती इतकी लाजली की पाणी न पिताच बाटली घेऊन सायकलवरून घरी पोचली. घरी आल्यावर तिला आठवलं, गाडी मैदानातच राहिली होती.

*

शर्यतीच्या सकाळी इस्पितळातल्या एका बाईनं कडेवरच्या बाळाच्या हातात झेंडी दिली. बाळानं ती हलवायच्या ऐवजी तोंडात घातली, सगळे हसले आणि शर्यत सुरू झाली. आई पुढे, मध्ये काका, मागे ती. मास्तर तिची गाडी घेऊन, पाणी आणि जादा टायर घेऊन मागून येणार होता. खांदा गाडी चालवण्याइतका बरा झाला होता.

दुपारपर्यंत सगळं छान चाललं. घाटाच्या पायथ्याशी विसाव्याला थांबले तेव्हा मास्तरचा मात्र पत्ता नव्हता.

"चुकला असणार," काका गवतावर पाय पसरत म्हणाले. ते पार थकले होते, आणि थकलेला माणूस जिभेवर लक्ष ठेवत नाही. "आयुष्यात एकदाच न चुकता पोचला तो. तुझ्या दवाखान्यापाशी. तिथेही तू दार उघडलंस!"

तिनं बाटली तोंडापासून काढली. "माझ्या दवाखान्यापाशी कशाला पोचायचं होतं त्यांना?"

काकांना चूक कळली, पण उशीर झाला होता. ते आईकडे बघू लागले. आई बुटाची नाडी बांधू लागली. बांधलेलीच नाडी.

"आई!"

"माझं धाडस होत नव्हतं गं तुला सांगायचं," आई खाली मान घालून म्हणाली. "मी सायकल चालवते, शर्यतीला जातेय... तो म्हणाला, मी जाऊन बोलतो तुमच्या मुलीशी, समजावतो. त्या सकाळी तो तुझ्याकडेच येत होता. मला म्हणाला, वाटेत कुणाच्या तरी गाडीचं दार लागलं. कुठे, कुणाच्या, काही बोलला नाही."

रस्ता चुकलो होतो, म्हणाला. तळ्यावर या, कप्तान तापल्यात, म्हणाला. सगळं माहीत होतं त्याला! ती कोण, तिची आई कोण, बाबा कसे गेले... सगळं! आणि ती मूर्खासारखी आरशात त्याचे डोळे शोधत होती.

"मी इथून परत जाते," ती म्हणाली.

तिनं हेल्मेट काढलं, सायकल वळवली... आणि थांबली. ती एकटी गेली की तिघंही गेले. मग वॉर्डही गेला. टेबलावर वाळत ठेवलेली ती नखाएवढी गुलाबी पट्टी तिच्या डोळ्यांसमोर आली. तिनं दात-ओठ खाल्ले आणि हेल्मेट पुन्हा चढवलं.

"चला," ती म्हणाली. "पण माझ्याशी कोणी बोलायचं नाही."

रागानं माणूस घाट कसा चढतो ते त्या दिवशी काकांनी पाहिलं. ती आईच्याही पुढे निघून गेली. एकेका वळणावर त्याला सुनवायची एकेक गोष्ट मनात रचत. शेवटून दुसरं वळण मागे टाकलं तेव्हा आईनं मागून हाक मारली. तिच्या हाकेत असं काही होतं की ती थांबली.

"हेच ते," आई म्हणाली. "बाबांचं."

ती बघतच राहिली. इतक्या वर्षांत ती इथे आली नव्हती. स्वप्नात मात्र कितीदा आली होती! स्वप्नात इथे खोल दरी होती, काळोख होता, दातांसारखे सुळके होते. आणि इथे होतं काय? एक साधं वळण. कडेला पिवळी फुलं. कुणीतरी कठड्यावर टॉवेल वाळत घातलेला. पलीकडे पंक्चरचं दुकान, त्यात रेडिओ चालू. दुकानदारानं ओळख नसताना हात हलवला.

"एवढंच?" तिच्या तोंडून आलं. "आई... एवढंच आहे हे?"

"एवढंच," आई म्हणाली. "मीही पहिल्यांदा आले तेव्हा अशीच उभी राहिले. मग रोज यावंसं वाटायला लागलं."

दोघी सायकली धरून उभ्या राहिल्या. काकांनी पाठ फिरवून चेहऱ्यावर पाणी मारलं, पुन्हा पुन्हा मारलं. मग ती म्हणाली, "इथून खाली समुद्र दिसतो. बाबांनी कधी सांगितलं नाही."

"ते म्हणायचे, तू मोठी झालीस की तुला घेऊन येणार. दाखवणार."

उतारावर वारा कानांत शिरला आणि तिच्या मनातली ती सगळी रचलेली भाषणं कुठच्या कुठे उडून गेली. राग मात्र होता. आणि रागाच्या शेजारीच आणखी एक काहीतरी होतं, ते काही केल्या उडेना.

*

ते तिघं सगळ्यात शेवटी पोचले. मंडप सोडायला सुरुवात झाली होती, पण नोंद करणारी मुलगी अजून बसून होती. तिनं तिघांच्या नावांपुढे खुणा केल्या आणि उभं राहून टाळ्या वाजवल्या. आई वाळूत आडवी झाली. काका म्हणाले, ते आता कधीच उठणार नाहीत.

मास्तर मात्र नव्हता.

ती किनाऱ्यावर फिरत राहिली. राग काढायला तरी माणूस समोर नको का? आणि तेवढ्यात तिची गाडी भलत्याच दिशेनं, किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाकडून, मच्छीमारांच्या जाळ्यांतून वाट काढत आली. तो उतरला. अंगभर धूळ, चेहरा उतरलेला. "पोचलात? तिघंही? मी तीन गावं हिंडलो हो... मला वाटलं, तुम्हाला काही..."

"मला सगळं कळलंय," ती म्हणाली.

तो जागच्या जागी थांबला. जणू दार पुन्हा त्याच्याच अंगावर उघडलं.

"का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो. सगळं पाठ करून आलो होतो त्या सकाळी. पण तुम्ही रस्त्यावर गुडघ्यांवर बसून माझा दात शोधत रडत होतात. तेव्हा कुठल्या तोंडानं म्हणू, की तुमची आई सायकल चालवते? मग वाटलं, तळ्यावर त्याच सांगतील. मग तुम्ही शिकायला लागलात, आणि..." तो अडखळला. "आधी भीती होती, तुम्ही आईवर रागवाल. मग माझ्यावर रागवाल याची वाटायला लागली. आणि ही दुसरी भीती फार मोठी होती... रोज उद्यावर टाकत गेलो. चुकलं माझं."

लाट आली, तिच्या बुटांत शिरली, गेली.

"मला तुमचा भयंकर राग आलाय," ती म्हणाली. "पुष्कळ दिवस राहील."

"हो."

"मी भांडेन. मध्येच आठवलं की परत भांडेन."

"हो."

"आणि घाटात मला वाटलं, समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हा तुम्ही शेजारी हवे होतात. त्याचा तर जास्तच राग आलाय." तिनं श्वास घेतला. सकाळपासून इतके धक्के तिनं खाल्ले होते. आता एक द्यायचा होता. "तेव्हा रोज भांडता येईल असं काहीतरी करायला हवं. लग्नच केलेलं बरं."

त्याचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. डोळे मोठे झाले. गाडीची किल्ली हातातून वाळूत पडली, ती त्याला कळलीसुद्धा नाही. नद्या, पर्वत, वारे, सगळ्या पृथ्वीची माहिती ज्याच्या जिभेवर, त्या माणसाला एक अक्षर सुचेना.

"अहो, काहीतरी बोला!" आता तीच घाबरली.

"तुम्ही..." तो म्हणाला. घसा खाकरला. "म्हणजे... तुम्ही खरंच..."

"आधी ते तुम्ही-तुम्ही थांबवा."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. वाऱ्यानं विस्कटलेली, घामानं आणि मिठानं माखलेली, पाय लटपटत असलेली, तरी तशीच ठाम उभी असलेली ती. त्यानं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"तू," तो म्हणाला. अगदी हळू. आणि तो एवढासा शब्द ऐकून दोघंही दचकले.